मान डोलली म्हणजे होकार नव्हे : रोजच्या बोलण्यातले अबोल संकेत ओळखायचे कसे

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातलं औषधांचं दुकान, संध्याकाळचे साडेसहा. काउंटरच्या अलीकडे सत्तरीतल्या आजी, पलीकडे विशीतला मुलगा. पाकिटं एकावर एक रचत तो सांगतो, "ही अर्धी सकाळी चहाआधी, ही एक रात्री जेवल्यावर, आणि ही दुखलं तरच. कळलं ना आजी?" विचारताना त्याची स्वतःचीच मान खाली-वर होते. मागोमाग आजींचीही होते. पिशवी घेऊन त्या निघतात, पायरीवर थांबतात, एक पाकीट बाहेर काढतात आणि डोळ्यांजवळ नेऊन बघतात.

अर्ध्या मिनिटात इथे चार संकेत येऊन गेले. मान आधी मुलाची हलली, आजींची नंतर. तो सांगत होता तेव्हा आजींची नजर गोळ्यांवर नव्हती, त्याच्या ओठांवर होती. तोंडातून शब्द एकही आला नाही. आणि मग ते पायरीवरचं थांबणं. चारही एकत्र ठेवले तर अंदाज एकाच दिशेला जातो: आजींना कळलेलं नाही, बहुधा नीट ऐकूच गेलेलं नाही. पण मुलाने चारांपैकी एकच संकेत उचलला, मान हलल्याचा. नेमका तोच सगळ्यांत कच्चा होता.

काउंटरवर, घरात, पंचायतीत, फोनवर हे संकेत कसे टिपायचे, त्यांचा अर्थ कुठवर ताणायचा आणि आपल्याकडून समोरच्याला काय जातंय यावर लक्ष कसं ठेवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी एक गैरसमज काढून टाका

"संवादात शब्द फक्त ७ टक्के, आवाज ३८ आणि देहबोली ५५" हे वाक्य प्रत्येक व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात ऐकू येतं. आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले आहेत, पण प्रयोगांचा प्रश्न फार छोटा होता. एखादा सुटा शब्द एका सुरात म्हटला किंवा त्याच्यासोबत चेहऱ्याचा फोटो दाखवला, तर म्हणणाऱ्याची भावना आवडीची की नावडीची, हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढंच त्यात तपासलं होतं. सगळ्या बोलण्याला तो हिशेब लागू पडत नाही. पडला असता, तर पणजोबांच्या काळातला पोर्तुगीज दस्त नुसता हातवारे करून वाचून दाखवला तरी ९३ टक्के कळला असता, आणि भाषांतर करणाऱ्याकडे खेपा घालाव्या लागल्या नसत्या.

माहिती शब्दांतूनच जाते. माणूस त्या माहितीकडे कसा बघतो आहे, हे बाकीच्या गोष्टींतून कळतं. शब्द आणि बाकीचं यांचा मेळ बसत नसेल, तिथे थांबायचं.

कौल लावू नका, पाच पायऱ्या चढा

गोव्याच्या देवळांत देवाला प्रसाद लावतात, म्हणजे मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल मागतात. पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. गाऱ्हाणं घालणाऱ्याला उत्तर मिळतं. देवाच्या दारी ते ठीक आहे. माणसाच्या बाबतीत मात्र हाताची घडी म्हणजे विरोध, नाक खाजवलं म्हणजे खोटं, पाय हलवला म्हणजे अधीरता असे कौल वाचायला गेलात, तर निम्म्या वेळा तोंडघशी पडाल. हाताची घडी घालायला वरचा एसी पुरतो.

पहिली पायरी : नेहमीची ठेवण बघा. कामाच्या विषयाला हात घालण्याआधी दोन-तीन मिनिटं इकडचं तिकडचं बोला: पाऊस, रस्त्याचं काम, मुलाची परीक्षा. या बोलण्यात काही पणाला लागलेलं नसतं. अशा वेळी माणूस किती वेगाने बोलतो, नजर किती देतो, हात किती हलवतो, बसतो कसा, एवढं मनात नोंदवून ठेवा. काही माणसं मुळातच खाली बघून बोलतात आणि काहींच्या कपाळाला जन्मजात आठ्या असतात. ही नोंद नसेल तर पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

दुसरी : बदल पकडा. हात हलवत बोलणाऱ्याचे हात थांबले, भराभर बोलणारा शब्द निवडू लागला, मागे टेकून बसलेला पुढे सरकला. संकेत म्हणजे हे बदल. एकट्या बदलावर विसंबू नका. आवाज, नजर, हात, बसणं यांपैकी दोन-तीन ठिकाणी एकदम बदल झाला तरच तो धरा.

तिसरी : त्याच्या लगेच आधी काय झालं ते आठवा. बदल कोणत्या शब्दावर आला? "हप्ता" म्हणालात तेव्हा? आत कोणी आलं तेव्हा? की त्याचा फोन थरथरला तेव्हा? गेल्या पाच-सात सेकंदांत बघा. त्याच्यामागे गेलात तर आपण गोष्ट रचू लागतो.

चौथी : साधी कारणं वगळा. उकाडा, भूक, लघवीची घाई, कंबरदुखी, चष्मा विसरणं, कमी ऐकू येणं, शेवटची बस. ऑक्टोबरमध्ये दुपारी दोन वाजता घाम पुसणारा माणूस घाबरलेला असेलच असं नाही.

पाचवी : विचारा. संकेताचं उत्तर संकेतात देऊ नका, शब्दांत आणा. पण "तुम्ही नाराज दिसता" असा शिक्का मारू नका. शिक्का बसला की माणूस नाही म्हणून मोकळा होतो आणि विषय बंद पडतो. दिसलं तेवढंच सांगा आणि वाट मोकळी ठेवा: "हप्त्याचं बोललो तेव्हा तुम्ही थांबलात. रक्कम जास्त वाटतेय की तारीख अडचणीची आहे?"

मानेचं प्रकरण

आपल्याकडच्या निम्म्या चुका मानेपाशी होतात, म्हणून इथे जरा थांबू.

मान तीन अक्षांवर फिरते. खाली-वर होते तेव्हा हनुवटी छातीकडे जाते. डावी-उजवी होते तेव्हा नाकाचा शेंडा एका खांद्याकडून दुसऱ्याकडे फिरतो. तिसरी आपली खास डोल: नाक तुमच्याकडेच राहतं आणि कान आळीपाळीने खांद्यांकडे कलतात. परप्रांतातून आलेला पाहुणा घोटाळतो तो दुसरी आणि तिसरी यांत. नाक बघा. नाक फिरलं तर नकार, नाक जागेवर राहून डोकं डोललं तर नकार नव्हे.

पण नकार नव्हे म्हणजे होकार, असंही नाही. डोल भराभर आणि चेहरा मोकळा असेल तर तो "हो हो, चालेल." एकदाच, सावकाश, पापण्या किंचित मिटून आलेली डोल म्हणजे "बरं, आता काय करणार." ही संमती आहे, पण मन मारून दिलेली. आणि डोल चालू असताना नजर बाजूला गेली, तर ती बहुतेक "बघू." घराच्या कामाला गवंडी ठरवताना या तिन्हींतला फरक कळला नाही, तर सोमवारी सकाळी तुम्ही वाट बघत बसाल.

खाली-वर हलणारी मानही सरळ नसते. सावकाश हलणारी म्हणते, "ऐकतोय, चालू द्या." एकापाठोपाठ तीन-चार झटके म्हणतात, "कळलं, आता मला बोलू द्या." सांगणारा सांगतच राहिला तर पुढचं कानाआड जातं. आणि नंदीबैलाची मान सगळ्यांच्या ओळखीची: प्रत्येक वाक्याला हलते, कुठल्याच शब्दावर अडत नाही. खरं ऐकणारा माणूस मध्ये अडखळतो, भुवई उचलतो, "कुठली म्हणालात?" विचारतो. एवढं सगळं सांगून झालं आणि मान एकदाही थांबली नाही, तर समजा की काहीच आत गेलेलं नाही.

हनुवटीचं वेगळंच. पायलट, म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारा, गाडीवर बसल्या बसल्या हनुवटी वर उचलतो, भुवया सोबत जातात: "खंय?" म्हणजे "कुठे?" हा प्रश्न. तीच हनुवटी आणि सोबत जिभेचा एक "च्यक्", तर तो नकार. "च्यक्" तीनदा, मान हळूहळू हलवत, तर ती हळहळ. किनाऱ्यांवर परदेशी पाहुण्यांशी धंदा करणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की बल्गेरियासारख्या देशात होकार-नकाराच्या माना आपल्या उलट असतात. त्यांच्याकडून "येस"-"नो" तोंडी घेतल्याशिवाय खोली ठरली असं धरू नका.

मानेवरचा एकच खात्रीचा उपाय: जिथे चुकलं तर महागात पडेल, औषध, पैसे, तारीख, पत्ता, तिथे मान होकार म्हणून धरायची नाही. समोरच्याकडून तेच त्याच्या शब्दांत परत म्हणवून घ्यायचं. "मी नीट सांगितलं का ते मला कळू दे, सकाळी कोणती घेणार?" असं विचारलं की परीक्षा आपली होते, त्याची नाही, आणि माणूस लाजत नाही.

"कळलं ना?" हा प्रश्न मात्र सोडून द्या. बर्लिनमध्ये 'हुशार हान्स' नावाचा घोडा होता. तो खूर आपटून गणितं सोडवतो असं लोकांना वाटे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या अंगात नकळत बारीक हालचाल होई, ती बघून घोडा थांबे. उत्तर विचारणाऱ्याच्याच अंगावर लिहिलेलं होतं. मान हलवत "कळलं ना?" विचारणारा तेच करत असतो.

थांबा आणि सूर

दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपला की उत्तर सुरू व्हायला सरासरी फक्त २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, असं त्यात आढळलं. होकार लवकर येतो, नकार उशिरा, हेही दिसलं. अनुभव आपलाही तोच आहे. "रविवारी येशील ना?" यावर लगेच आलेलं "हो" आणि एक श्वास घेऊन आलेलं "होऽऽ, बघूया" यांतला फरक कोणाला शिकवावा लागत नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून नकाराला "बघूया", "करूया की", "तसं काही नाही, पण" असे कपडे घातले जातात. अशा वेळी पुन्हा पुन्हा गळ घालू नका. माणसाला मान राखून नाही म्हणायची जागा द्या: "जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी दुसऱ्या कोणाला विचारतो, त्यात काही वाईट नाही." पुढच्या दोन सेकंदांत त्याचे खांदे खाली आले, तर उत्तर मिळालं.

गोव्यात या थांब्याला आणखी एक कारण असतं आणि ते हमखास विसरलं जातं. माणूस घरी कोंकणी बोलतो, शाळा मराठीत झालेली, अर्ज इंग्रजीत, आणि समोरचा कर्मचारी हिंदीत विचारतो. इथला थांबा नकाराचा नसतो, डोक्यात भाषांतर चाललेलं असतं. ओळखायची खूण: भाषांतर करणाऱ्याची नजर वर किंवा बाजूला जाते, ओठ किंचित हलतात, आणि उत्तर आलं की पुरतं येतं. टाळणाऱ्याचं उत्तर आल्यावरही अर्धवट राहतं. शंका आली तर आपली भाषा बदलून बघा. भाषा बदलल्यावर उत्तर झटकन आलं, तर विषयात अडचण नव्हती.

प्रश्न विचारल्यावर किती थांबायचं? मेरी बड रो या संशोधिकेला वर्गांमध्ये दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. घड्याळ लावून तीन सेकंद गप्प बसून बघा, युगासारखे वाटतात. मनातल्या मनात "मडगाव, म्हापसा, डिचोली" असं सावकाश म्हटलं की साधारण तेवढा वेळ जातो. त्या वेळात ओठ मिटलेले, नजर मऊ. पेन टकटकवलंत तर तीन सेकंदांचे तीस वाटतील.

अंतर

एडवर्ड हॉल यांनी १९६० च्या दशकात माणसामाणसांतल्या अंतराचे पट्टे मांडले: साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत अगदी जवळच्यांचं, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीच्यांचं, पुढे ३.६ मीटरपर्यंत कामकाजाचं, त्यापलीकडे सभेचं. मोजमापं अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय लोकांवरून काढलेली होती, म्हणून आकडे जसेच्या तसे घेऊ नका. सकाळी आठच्या वास्को बसमध्ये परक्या माणसाचं कोपर तुमच्या बरगडीत असतं आणि कोणी अपमान मानत नाही. कारण शरीर जवळ आलं की लोक बाकी सगळं आवरून घेतात. नजर खिडकीबाहेर, चेहरा कोरा, बोलणं बंद. अशा गर्दीत ओळखीचा भेटला तरी नाजूक विषय काढू नका, तो तुटक उत्तरंच देईल.

उपयोगाला येईल ते एवढं. उभ्याने बोलताना हात लांब केल्यावर बोटं समोरच्याच्या खांद्याला जेमतेम टेकतील, एवढ्या अंतरावरून सुरुवात करा. तो मागे सरकला तर तुम्ही पुढे सरकू नका. बहुतेकांचा हात इथेच चुकतो. तो मागे जातो, हे पुढे जातात आणि बोलता बोलता दोघे भिंतीला टेकतात. तक्रार ऐकायची असेल तर टेबलाच्या समोरासमोरच्या खुर्च्या टाळा. कोपऱ्याच्या दोन बाजूंना, काटकोनात बसा. त्यामुळे नजर हवी तेव्हा देता येते आणि नको तेव्हा सहज काढून घेता येते. आमच्या मते जुन्या घरांच्या बाल्कांवमधल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, कडेच्या बैठकांवर गप्पा रंगतात त्याचं निम्मं श्रेय रस्त्याला आहे. दोघांनाही एकमेकांऐवजी बघायला काहीतरी असतं.

डोळे आणि हात, थोडक्यात

नजर सारखी रोखून धरायची नसते. ऐकताना जास्त, बोलताना कमी, हे स्वाभाविक प्रमाण. वडीलधाऱ्यांसमोर पोर खाली बघतं ते बहुधा आदराने. त्याला "माझ्याकडे बघून बोल" म्हणून दटावलं तर उरलेलं बोलणंही बंद होतं. ओठांचं हसू मनात आणून करता येतं, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू हुकमाने हलवणं त्या मानाने कठीण जातं. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी हा फरक १८६२ मध्ये नोंदवला होता. तरी डोळ्यांच्या कडेला सुरकुती नाही म्हणजे हसू खोटं, असा निकाल देऊ नका. दुकानात दिवसाला दोनशे गिऱ्हाइकांशी हसणाऱ्याचं हसू शिष्टाचाराचं असतं, त्यात लबाडी नसते.

पैसे, प्रसाद, कागद उजव्या हाताने. ज्येष्ठांना देताना डावा हात उजव्या कोपराला लावला तर शोभतं. कोणाला दाखवताना एक बोट नको, पंजा उघडा. बोलावताना तळहात खाली ठेवून बोटं आपल्याकडे. अभिवादनात घाई नको. नमस्कार, हात मिळवणं आणि काही ख्रिस्ती घरांत गालाला गाल, तिन्ही एकाच गावात चालतात. अर्धा सेकंद थांबा, समोरचा जे करील ते करा. स्त्रीने हात पुढे केला तर मिळवा, आपण होऊन पुढे करू नका.

मासळी बाजारात एक फेरी

हे सगळं एका जागी दिसायचं असेल तर पणजीच्या किंवा म्हापशाच्या मासळी बाजारात उभं राहा. दहा मिनिटं काही विकत न घेता नुसतं बघा. मात्र वाट अडवू नका, ओरडा मिळेल.

बांगड्यांचे वाटे मांडलेत. गिऱ्हाईक बाई वाट्यासमोर थांबते. मासळीवाली "यो गे बाय" म्हणते, पण बघते ती चेहऱ्याकडे नव्हे, पायांकडे आणि पिशवीकडे. पाय वाट्याकडे वळलेत, पिशवीचं तोंड उघडलंय, म्हणजे घ्यायला आलेली आहे. पाय वाटेकडे आणि मान तेवढी वळलेली, म्हणजे भाव ऐकून जाणारी. गिऱ्हाईक बांगड्याचा कल्ला उचलून लाली बघते, बोटाने पोट दाबते. भाव सांगितला जातो. आता गिऱ्हाईक "च्यक्" करते आणि दोन पावलं पुढे टाकते. पावलं आखूड पडली आणि खांदे अजून वाट्याच्या बाजूलाच राहिले, तर ते नाटक आहे, मासळीवाली मान वर करत नाही, मासळीवर पाणी शिंपडत बसते. पावलं सरळ पडली तर ती लगेच एक बांगडा उचलून वाट्यावर टाकते. भाव उतरत नाही, वाटा वाढतो. मग तिचा हात पिशवीकडे गेला की सौदा संपला. त्यानंतर घासाघीस केली तर चिडतात, आणि बरोबरच आहे.

वर सांगितलेल्या पाच पायऱ्यांतल्या काही इथे दिसतात. पाय, पिशवी, खांदे यांचा मेळ घातला जातो, बदल टिपला जातो आणि वाढवलेला बांगडा हाच विचारलेला प्रश्न असतो.

आपल्या अंगावरचं

समोरचा वाचण्याइतकाच वेळ स्वतःकडे द्या. काउंटरवर बसणाऱ्यांसाठी एवढं पुरे. माणूस आला की तीन सेकंदांच्या आत मान वर करा. हातातलं काम सोडता येत नसेल तर नजर देऊन एक बोट वर करा आणि "एक मिनिट, बाय" म्हणा. मोबाईल पालथा घाला, त्याहून बरं खणात ठेवा. लिहून घेताना खाली बघणार असाल तर आधी सांगा, "लिहून घेतो, ऐकतोय." नाहीतर बोलणारा तुमच्या टाळूशी बोलत राहतो. तो उभा आणि तुम्ही बसलेले असाल तर खुर्ची द्या. खुर्ची नसेल तर वाईट बातमी उभं राहून सांगा.

कीर्तन-कथांमधला हुंकार आठवा. ऐकणाऱ्याने "हूं" म्हटलं नाही तर सांगणाऱ्याचा धागा तुटतो. समोरासमोर हुंकार मान देते, पण दृष्टिहीन माणसाशी बोलताना मान पोचत नाही. तिथे "हां", "बरं" तोंडाने म्हणा, आणि निघताना "मी निघतो" सांगून निघा.

कमी ऐकू येणाऱ्या वडीलधाऱ्यांशी बोलताना एक ते दीड मीटरवर, समोर, उजेड आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहा. खिडकीकडे पाठ केलीत तर चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. ओरडू नका, ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. वाक्य लहान, वेग थोडा कमी. एकदा ऐकू गेलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने परत न म्हणता शब्द बदला.

फोन आणि व्हिडिओ

जुन्या पद्धतीच्या फोनवाहिनीवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. "स", "श", "फ" यांची ओळख पटवणारे वरच्या पट्टीतले आवाज त्यात कापले जातात. म्हणून नाव आणि गाव फोनवर फोड करून सांगावं लागतं: "साखळी, साबणातला सा." मान दिसत नाही, तेव्हा दर आठ-दहा सेकंदांनी एक हुंकार द्या. तो थांबला की पलीकडून "हॅलो? हॅलो?" येतंच.

व्हिडिओवर माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात तो उद्धटपणा नसतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोचायचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. आपला स्वाभाविक थांबाच २०० चा असतो. पावसाळ्यात नेटवर्क डळमळलं की विलंब त्याच्या पुढे जातो. दोघांनाही वाटतं समोरचा थांबला, आणि दोघे एकदम सुरू होतात. उपाय: बोलणं संपवताना नाव घेऊन चेंडू द्या, "आता मावशी, तू सांग." ब्लूटूथ विलंबात भर घालतो, महत्त्वाच्या बोलण्याला तारेचा हेडफोन बरा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर. चार जाड वह्या खाली ठेवल्या की लॅपटॉप बरोबर येतो. उजेड समोरून घ्या. मुद्द्याचं वाक्य बोलताना कॅमेऱ्याकडे बघा, बाकी वेळ पडद्यावर बघितलं तरी चालतं.

जिथे हे वापरायचं नाही

खोटं पकडायला. दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की समोरचा खरं बोलतोय की खोटं, हे लोक सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ओळखतात. नाणं उडवलं तर ५०. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. म्हणजे थिजणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उडणं, डोळे भरणं, भान हरपणं. अंगात खळबळ झाली एवढं ते सांगतात. खळबळ कशाने झाली ते सांगत नाहीत. चोरीचा आळ आलेल्या निर्दोष माणसालाही घाम फुटतो. तिथे तपशील आणि कागद तपासा, चेहरा नको.

आजारातही सावध. पार्किन्सनमध्ये चेहरा कोरा होतो, माणूस आतून हसत असला तरी. चेहऱ्याच्या लकव्यात एकच बाजू हलते. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं नजर टाळतात ती त्रास होतो म्हणून. यांच्याशी बोलताना चेहरा बाजूला ठेवा आणि शब्दांवर, निवडीवर, हातांच्या खुणांवर जा.

सराव

गावच्या जत्रेतलं नाटक ही फुकटची शाळा. मागे, आवाज नीट पोचत नाही अशा जागी उभं राहून दहा मिनिटं बघा आणि कोण कोणावर चिडलंय ते शेजाऱ्याला सांगा. मग पुढे जाऊन ऐका. किती चुकलं ते कळेल. नटाचे हावभाव मोठे असतात, म्हणून सुरुवात तिथून सोपी.

दुसऱ्या आठवड्यात स्वतःचं. फोनवरचं आपलं बोलणं पाच मिनिटं रेकॉर्ड करा, घरच्यांची परवानगी घेऊन. किती वेळा समोरच्याचं वाक्य तोडलं ते मोजा. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांचं तोंड पडतं. तिसऱ्या आठवड्यात रोज एकाच माणसासोबत पाच पायऱ्या, आणि दिवसातून एकच प्रश्न, तीन सेकंदांच्या थांब्यासह. एकाच वेळी सगळ्यांना वाचायला निघालात तर ऐकायचंच राहून जाईल आणि घरचे विचारतील, असा काय टक लावून बघतोस?

फोंड्याच्या काउंटरवरचा मुलगा काय करू शकतो? पाकिटं हातात धरायची, मागचा पंखा बंद करायचा, चेहरा उजेडाकडे. एका वेळी एकच गोळी सांगायची. मग पाकीट आजींच्या हातात देऊन विचारायचं, "ही कधी घेणार, मला सांगा बघू." आजी "रात्री" म्हणाल्या आणि ती सकाळची असेल, तर "नाही नाही" म्हणत मान फिरवायची नाही. पेन घेऊन पाकिटावर सूर्य काढायचा, शेजारी अर्ध्या गोळीचा अर्धा गोल. दुसऱ्यावर चंद्र आणि पूर्ण गोल. तिसऱ्यावर काही काढायचं नाही, ते वेगळ्या रंगाच्या पिशवीत घालायचं. पुन्हा एकदा विचारायचं, आणि या वेळी आपली मान हलवायची नाही.